लहान हात आणि पिस्तुलाची मूठ

नेमबाजीच्या स्पर्धांत रायफल आणि पिस्तूल असे दोन मोठे विभाग आहेत, पण शस्त्र शरीराला कोठे कोठे टेकते हे पाहिले की त्यांतील मूळ फरक लक्षात येतो. रायफलीचा दस्ता खांद्यात बसतो, गाल त्यावर टेकतो आणि दोन्ही हात तिला धरून ठेवतात. त्यामुळे एखादा आधार किंचित चुकला तरी बाकीचे आधार ती चूक काही अंशी सावरून घेतात. पिस्तूल मात्र आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एकाच हाताने, हात लांब करून आणि मनगट पूर्ण मोकळे ठेवून धरावे लागते, म्हणजे शस्त्राचा आणि माणसाचा संबंध येतो तो फक्त मुठीच्या लाकडापुरता. ती मूठ हाताच्या मापाची नसेल तर चूक सावरून घेणारे दुसरे काहीच उरत नाही आणि हात लहान असला की नेमकी हीच अडचण उभी राहते.

परभणीसारख्या जिल्ह्यात ही अडचण अधिक जाणवण्याजोगी आहे. दहा मीटरच्या हवाई पिस्तुलासाठी मोठे मैदान लागत नाही, एखाद्या बंदिस्त सभागृहात सुरक्षिततेची व्यवस्था करून चार-सहा लक्ष्ये बसवता येतात. त्यामुळे हा खेळ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचणे अवघड नाही. पण विदेशी पिस्तूल महाग असल्याने लहान संस्थेत ते एखाद-दुसरेच असते, त्याची मूठ बहुधा मध्यम मापाची असते, आणि बारा वर्षांची मुलगी, महाविद्यालयीन तरुण व पोलीस भरतीची तयारी करणारा उमेदवार असे सगळे त्याच मुठीवर शिकतात. स्त्रियांच्या हाताची सरासरी लांबी पुरुषांच्या हातापेक्षा एक-दीड सेंटिमीटरने कमी असते, मुलांची त्याहून कमी. ऐकताना हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु या खेळात मिलिमीटरच्या दशांशालाही किंमत आहे.

ती किती, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी असलेल्या उभ्या खुणेला माशी म्हणतात आणि डोळ्याच्या बाजूला, पिस्तुलाच्या मागच्या टोकाशी, एक चौकोनी खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मध्ये आणि तिच्या वरच्या कडेशी समपातळीत दिसली की पिस्तूल सरळ धरले आहे असे समजायचे. हवाई पिस्तुलात या दोहोंमधील अंतर सुमारे ३२० मिलिमीटर धरले, तर दहा मीटर हे अंतर त्याच्या सुमारे एकतीस पट होते. म्हणून खाचेच्या संदर्भात माशी एक मिलिमीटर बाजूला गेली तर छर्रा लक्ष्यावर सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला लागतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ आठ-आठ मिलिमीटर बाहेर सरकते, त्यामुळे या एका मिलिमीटरच्या चुकीत दहाचे सात होतात. याउलट माशी आणि खाच एकमेकींशी जुळलेल्या असताना सगळे पिस्तूलच एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्राही लक्ष्यावर एकच मिलिमीटर सरकतो. पहिल्या चुकीला कोनीय चूक आणि दुसरीला समांतर चूक म्हणता येईल. नवशिका नेमबाज हाताच्या थरथरीला घाबरतो, पण ती थरथर मुख्यतः समांतर असेल तर फारसे बिघडत नाही. गुण जातात ते कोनीय चुकीने, आणि कोनीय चूक बहुतेक वेळा मुठीतून आणि चाप ओढण्याच्या क्रियेतून जन्माला येते.

लहान हाताच्या बाबतीत ती कशी जन्मते, हे उजव्या हाताच्या नेमबाजाच्या उदाहरणाने पाहू. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्यात मुठीची पाठ घट्ट बसवल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर सहज टेकला पाहिजे, आणि त्या वेळी तर्जनीचे मूळ व मधले पेर लाकडाला घासता कामा नये. बोट आखूड असेल किंवा मूठ जाड असेल, तर चापावर केवळ बोटाचे टोक पोहोचते. अशा वेळी बोट चापाला सरळ मागे न ओढता तिरके ढकलते आणि पिस्तुलाचे तोंड डावीकडे सरकते. हवाई पिस्तुलाच्या चापाचा दाब नियमानुसार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. हा दाब सरळ मागे न जाता पंधरा अंश तिरका गेला, तर त्यातला सुमारे १३० ग्रॅमचा जोर पिस्तुलाला बाजूला ढकलण्यात खर्च होतो. पिस्तुलाचे एकूण वजन एक किलोच्या आसपास असताना हा जोर मुळीच दुर्लक्षणीय नाही.

तोकडेपणा जाणवू लागला की हात आपोआप दुसरा मार्ग शोधतो, आणि हा मार्ग पहिल्यापेक्षाही वाईट आहे. बोट पुढे पोहोचावे म्हणून सगळा पंजाच मुठीभोवती थोडा फिरतो, बेचके मुठीच्या पाठीवरून उजव्या बाजूला सरकते आणि पाठीचे लाकूड अंगठ्याच्या मुळाच्या हाडावर येऊन टेकते. आता नळीची रेषा कोपर ते मनगट या रेषेशी जुळत नाही. पिस्तूल उजवीकडे पाहू लागते आणि ते सरळ करण्यासाठी नेमबाजाला मनगट सतत आत वळवून धरावे लागते. मनगटाचे स्नायू असे ताणलेले असताना पहिले दहा-पंधरा नेम चांगलेही लागतात, पण स्नायू थकले की माशी खाचेत कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसू लागते. प्रशिक्षक म्हणतात, "मनगट कमजोर आहे, वजने उचल." वजने उचलणे वाईट नाही, पण दोष लाकडाचा असताना व्यायाम सांगणे हे चुकीचे निदान आहे, आणि जिल्हा पातळीवर अशी निदाने नको तितकी होतात.

स्त्रियांसाठी हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक महत्त्वाचा झाला आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची स्वतंत्र पिस्तूल स्पर्धा १९८४ साली लॉस एंजेलिसला २५ मीटर अंतरावर सुरू झाली आणि दहा मीटर हवाई पिस्तुलाची १९८८ साली सोलला. हवाई पिस्तुलात स्त्रियांना दीर्घकाळ ४० नेम मारावे लागत. २०१८ पासून पुरुषांप्रमाणेच ६० नेम आणि त्यासाठी सव्वा तास असा नियम झाला. नेम साठ असले तरी हात उचलावा लागतो त्याहून बऱ्याच जास्त वेळा, कारण मनासारखे जुळले नाही की चांगला नेमबाज चाप न ओढता हात खाली घेतो. चाळीस नेमांपर्यंत मनगटाच्या जोरावर निभावणारी मूठ शेवटच्या वीस नेमांत आपला दोष उघड करते.

२५ मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात तर दोष सावरण्याइतका वेळही नसतो. या स्पर्धेत ०.२२ इंच व्यासाची काडतुसे वापरतात, चापाचा दाब किमान एक किलो असतो, आणि तिच्या जलद भागात हात पंचेचाळीस अंशांवर खाली ठेवून उभे राहिल्यावर लक्ष्य दिसताच तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी झाडायची असते. तीन सेकंदांत माशी शोधत बसता येत नाही. हात वर येईल तेव्हा ती खाचेत आलेलीच असली पाहिजे. महाराष्ट्राने या प्रकारात देशाला मोठी नावे दिली आहेत. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलाच्या जोडीचे सुवर्णपदक जिंकले, वैयक्तिक सुवर्णही अनिसाचेच होते. राहीने २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवले, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेम्बांग येथे, थायलंडच्या प्रतिस्पर्धीशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर जादा फेरीत जिंकून ती आशियाई सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. अशा अंतिम फेरीत दर तीन सेकंदांच्या नेमाला बरोबर किंवा चूक एवढाच निकाल असतो, आणि तो १०.२ किंवा त्याहून चांगल्या नेमावर ठरतो.

मूठ बसवण्याची सुरुवात हाताच्या मापापासून होते. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी हे या क्षेत्रातले प्रमुख युरोपीय उत्पादक आपल्या मुठी एक्सएस, एस, एम, एल अशा मापांत देतात, आणि जर्मनीतील रिंक किंवा नील यांसारख्या केवळ मुठी घडवणाऱ्या कार्यशाळाही आहेत. माप सहसा बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून, पंजाच्या रुंदीवरून काढतात. पण लहान हात एकाच प्रकारचा नसतो, ही गोष्ट या मापात हरवते. एखाद्या मुलीचा पंजा अरुंद पण बोटे लांब असतात, तर शेतीकाम केलेल्या एखाद्या स्त्रीचा पंजा रुंद आणि बोटे आखूड असतात. पंजाच्या मापावरून दुसरीला मध्यम मूठ मिळेल आणि चाप तिच्या बोटापासून दूर राहील. म्हणून बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचे अंतर वेगळे मोजावे, आणि दोन मापांत निवड करावी लागली तर या दुसऱ्या अंतराला अधिक मान द्यावा. मोठ्या मुठीतले लाकूड एका हद्दीपर्यंतच काढता येते, कारण आत पिस्तुलाचा धातूचा सांगाडा असतो. लहान मुठीवर मात्र भर घालणे नेहमीच शक्य असते.

लाकडाला हात लावण्याआधी चाप मागे घ्यावा. स्पर्धेच्या पिस्तुलांत बोट टेकण्याचा भाग एका छोट्या पट्टीवर पुढे-मागे सरकतो आणि डावी-उजवीकडे थोडा फिरतोही. बरेच नेमबाज तो कारखान्यातून आला तसाच वर्षानुवर्षे ठेवतात. लहान हातासाठी तो मागच्या टोकापर्यंत न्यावा आणि तेवढ्याने काम झाले तर पुढे काही करू नये. झाले नाही, तरच कानस हाती घ्यावी. तीन ठिकाणचे लाकूड बोट आणि चाप यांच्या मध्ये येते: मुठीच्या पाठीचे, जेथे बेचके बसते; तर्जनीच्या मुळाखालच्या बाजूचे; आणि चापाच्या कडीखाली मध्यमा जेथे गुंडाळली जाते तेथले. यांतले पाठीचे लाकूड सर्वांत आधी आणि सर्वांत जपून काढावे, कारण तेथे एक मिलिमीटर कमी झाला की सगळा हातच चापाजवळ आणि थोडा वर सरकतो, आणि हात जितका वर बसेल तितकी नळी व मनगट यांतली उंची कमी होऊन गोळीचा मागचा झटका सौम्य होतो. कारखान्याच्या मुठीवर बोटांसाठी कोरलेल्या पन्हळी मोठ्या बोटांच्या मापाच्या असतात. लहान बोटे त्यांत फाकतात आणि करंगळी निराधार राहते, तेव्हा या पन्हळींमधले उंचवटे सरळ घासून टाकलेले बरे.

लाकूड नेमके कोठे हाताला बोचते हे नजरेने कळत नाही. हाताला खडूची पूड लावून पिस्तूल नेहमीसारखे धरावे आणि ठेवावे. जेथे पूड गडद उमटली तेथे दाब जास्त, जेथे मुळीच उमटली नाही तेथे पोकळी. गडद जागा थोडी घासायची, पोकळीत भर घालायची. भर घालायला सुताराची लांबी किंवा बाजारात मिळणारे एम-सील चालते; पण ते लावण्याआधी मुलांच्या खेळण्यातली माती त्या जागी चिकटवून दोन-तीन दिवस सराव करून पाहिल्यास चुकीची भर कायमची राहत नाही. घासलेली जागा गुळगुळीत होते आणि परभणीच्या उन्हाळ्यात घामाने निसटते, म्हणून शेवटी तिला टोचणीने पुन्हा खडबडीत करावे. चिकट लेप लावून पकड वाढवणे नियमांना मान्य नाही.

भर घालताना नियमांची आणखी काही बंधने पाळावी लागतात. हवाई पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत आणि २५ मीटरचे पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलेच पाहिजे, मुठीचा कोणताही भाग पंजाच्या मागे जाऊन मनगटाला टेकता कामा नये, आणि तळहाताची खालची कड ज्या पट्टीवर टेकते ती वर वळवून हाताभोवती गुंडाळता येत नाही. ही पट्टी म्हणजे तळहाताचा टेकू. तो स्क्रूने वर-खाली होतो. लहान हातासाठी तो बराच वर आणावा लागतो आणि येथे बहुतेकांचा उत्साह जास्त होतो. टेकूने हात वरच्या बाजूला दाबून धरला की पंजा बेचक्यातून निसटू पाहतो. हात नैसर्गिकपणे बसल्यावर टेकू त्याला नुसता स्पर्श करील इतकाच वर घ्यावा. टेकू सरकता असण्याचा आणखी एक उपयोग परभणीकरांच्या सहज लक्षात यावा: ज्या गावात हिवाळ्यात किमान तापमान एक आकडी होते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेथे थंडीत आक्रसलेला आणि उन्हात फुगलेला हात एकाच मापाचा राहत नाही.

मूठ बसली की नाही, याची परीक्षा पिस्तूल रिकामे ठेवून, म्हणजे नेमबाज ज्याला ड्राय म्हणतात त्या सरावात घ्यावी. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून डोळे मिटावेत, हात नेहमीच्या उंचीला उचलावा, पकड घट्ट करावी आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्ये दिसली तर मूठ योग्य. ती दर वेळी एकाच बाजूला दिसली तर मुठीचा दोष. दर वेळी वेगळीकडे दिसली तर दोष मुठीचा नसून पकड अजून पक्की झालेली नाही. माशी नेहमी वर किंवा खाली दिसत असेल तर मुठीचा कल, म्हणजे नळीशी असलेला तिचा कोन, बदलावा. मोरिनीसह अनेक पिस्तुलांत तो स्क्रूने बदलता येतो. येथे भिंत कोरीच हवी. लक्ष्य समोर असले की डोळा त्याच्याकडे जातो आणि उभे राहण्यातली चूक मुठीच्या नावावर जमा होते. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे जात असेल तर पाय हलवायचे असतात, लाकूड घासायचे नसते.

वजनाबद्दल मात्र लहान हाताच्या नेमबाजांची भीती थोडी अतिरंजित आहे. एक किलोचे पिस्तूल खांद्यापासून साठ सेंटिमीटरवर धरल्यावर खांद्यावर जो मरोड पडतो, तो हात पंचावन्न सेंटिमीटर असताना कमी होतो, म्हणजे आखूड हाताला येथे लाभच मिळतो. त्रास होतो तो एकूण वजनाने नव्हे तर पुढे झुकणाऱ्या तोलाने, कारण लहान पंजाला पिस्तुलाचे तोंड वर धरून ठेवण्यासाठी करंगळीच्या बाजूने जास्त दाबावे लागते. आखूड नळीची आणि लहान हवासिलिंडरची पिस्तुले याचसाठी बनवतात. पण त्यांत माशी आणि खाच यांतले अंतर घटते आणि तीच कोनीय चूक डोळ्याला कमी दिसते. म्हणून मूठ नीट बसवून पाहिल्याशिवाय आखूड पिस्तुलाकडे वळू नये. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलात काडतुसांचा मॅगझीन मुठीच्या आत असतो, त्यामुळे ती एका मर्यादेखाली बारीक करताच येत नाही, स्पर्धेच्या ०.२२ पिस्तुलात तो बहुधा चापाच्या पुढे असतो, आणि मुठीला हवा तो आकार देता येतो तो त्यामुळेच.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी घाईने लाकूड काढू नये. बारा वर्षांच्या मुलीचा हात दोन-तीन वर्षांत एका मापाने वाढतो, म्हणून तिच्यासाठी सर्वांत लहान मूठ घेऊन चाप मागे सरकवावा आणि बाकीचे काम काढता येणाऱ्या भरीवर भागवावे. भारतात नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष पुढे लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाने होणारी अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय पातळीकडे जाणाऱ्या नव्या नेमबाजांची पायरी आहे. या पायरीपर्यंत पोहोचणाऱ्या मुलामुलींच्या सवयी त्याआधीच, संस्थेच्या सामाईक पिस्तुलावर, पक्क्या झालेल्या असतात.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ एक-दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि काही मिनिटांत काढून दुसरी लावता येते. नव्या मुठीची किंमत नव्या पिस्तुलाच्या तुलनेत फारच कमी असते. तेव्हा परभणी, गंगाखेड, जिंतूर किंवा सेलू येथे ज्या संस्था, शाळा वा क्रीडा संकुले एकाच पिस्तुलावर अनेकांना शिकवतात किंवा शिकवू इच्छितात, त्यांनी पुढच्या वेळी छर्ऱ्यांची मागणी नोंदवताना त्याच पिस्तुलाची एक एस आणि शक्य असल्यास एक एक्सएस मूठही मागवावी.